एम.कॉम., नेट आणि पुढे अमेरिकेत फायनान्सची पीएचडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबई विद्यापीठाचं बी.कॉम., एम.कॉम. आणि नेट (कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा) झालेलं, पार्ल्यातल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर फायनान्स शिकवताय. आता अमेरिकेत पीएचडी करून तिथल्याच विद्यापीठात प्राध्यापक व्हायचंय. जोडीदारही सोबत येईल. या शिकवण्याच्या अनुभवाचं तिथे वजन किती?

प्रवेशापुरतं, फार थोडं. नेटचं तर काहीच नाही. प्रवेश समितीला एवढंच जाणून घ्यायचं असतं की हा उमेदवार पाच वर्षांत स्वतंत्र संशोधन उभं करेल का. तो अंदाज ती मुख्यतः गणितावरून आणि शिफारसपत्रांवरून बांधते. आपल्याकडचे कॉमर्सचे हुशार विद्यार्थी मागे पडतात ते नेमके याच दोन ठिकाणी.

आधी गणित. पीएचडीची पहिली दोन वर्षं सूक्ष्म अर्थशास्त्र, इकॉनॉमेट्रिक्स (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचं शास्त्र), अ‍ॅसेट प्रायसिंग (शेअर-रोख्यांच्या किमती कशा ठरतात) आणि कॉर्पोरेट फायनान्स यांचे कोर्स असतात, आणि त्यांच्या शेवटी पात्रता परीक्षा. ती नापास झाली की बहुतेक ठिकाणी कार्यक्रमच सोडावा लागतो. तिथे बॅलन्स शीट वाचायला कोणी सांगत नाही. आर्बिट्राजची, म्हणजे जोखमीशिवाय फुकट नफ्याची, संधी नसेल तर सगळ्या रोख्यांच्या किमती एकाच डिस्काउंट फॅक्टरने (उद्याच्या पैशाची आजची किंमत काढणाऱ्या गुणकाने) समजावता येतात, हे सिद्ध करायला सांगतात. एफ.वाय.च्या मॅथ्स-स्टॅटवर हे झेपत नाही. रिअल अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी हे तीन विषय हवेत, आणि ते गुणपत्रिकेवर दिसायला हवेत. ऑनलाइन प्रमाणपत्राने तयारी होते, पण समितीची खात्री पटत नाही.

मुंबईत राहून हे करायचं तर गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था हा माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापन केलेली ही संस्था. तिथलं अर्थशास्त्राचं दोन वर्षांचं एम.एस्सी. तुम्हाला गणित देईल, आणि संशोधन करणारे प्राध्यापकही. पात्रतेत बारावीच्या गणिताची अट आहे का, ते आधी बघून घ्या. दुसरी वाट म्हणजे प्री-डॉक: एखाद्या प्राध्यापकाकडे एक-दोन वर्षं पूर्ण वेळ संशोधन सहायकाची नोकरी. तिची निवड बहुधा डेटाच्या गृहपाठावर होते. दोन फाइल्स जोडा, दुहेरी नोंदी काढा, रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीवरचा परिणाम मोजणारं गणित) चालवा, कोड पाठवा. स्टाटा हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, यांपैकी एक तरी हातात बसलेलं असू द्या.

शिफारसपत्रं तीन लागतात. प्राचार्यांनी लिहिलेल्या ‘अत्यंत मेहनती व वक्तशीर’ अशा पत्राचा उपयोग शून्य. ज्याचे स्वतःचे पेपर चांगल्या जर्नलमध्ये आहेत आणि ज्याने तुम्हाला डेटाशी झुंजताना पाहिलंय, अशा माणसाचं एक पत्र तसल्या तीन पत्रांवर भारी पडतं.

उद्देशपत्रात ‘लहानपणापासून शेअर बाजाराची आवड’ नको, प्रश्न हवा. मुंबईत बसणाऱ्याला प्रश्नांची वाण नाही. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने टी+१ सेटलमेंट, म्हणजे सौद्यानंतर दोनऐवजी एका दिवसात व्यवहार पुरा करण्याची पद्धत, एकदम लागू केली नाही. २५ फेब्रुवारी २०२२ ला बाजारमूल्याने तळाच्या १०० कंपन्यांपासून सुरुवात झाली, मग दर महिन्याला पुढच्या ५००, आणि २७ जानेवारी २०२३ ला शेवटचे मोठे शेअर आले. म्हणजे एकाच महिन्यात काही शेअर टी+१ वर, काही टी+२ वर. तरलतेवर (शेअर किती सहज विकता-घेता येतात त्यावर) काय परिणाम झाला, हे मोजायला आयती तुलना मिळते. अडचण अशी की क्रम बाजारमूल्याने ठरला, त्यामुळे तुलनेतल्या कंपन्या मुळातच सारख्या नाहीत. हे स्वतःच्या पत्रात मान्य करून त्यावर उपाय सुचवणारा उमेदवार वेगळा उठून दिसतो. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ असंच: निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी, यांतली एक रेषा ओलांडली की सीएसआर, म्हणजे सामाजिक कामावरचा सक्तीचा खर्च, लागू. रेषेच्या जरा खाली आणि जरा वर असलेल्या कंपन्यांची तुलना करता येते, मात्र कंपन्या नफा मुद्दाम रेषेखाली दाखवतात का, हे आधी तपासावं लागतं. अशा कामासाठी सीएमआयई या संस्थेचा प्रोवेस हा भारतीय कंपन्यांचा डेटा लागतो. तो वैयक्तिकरीत्या विकत घेण्याआधी कुठल्या ग्रंथालयात आहे ते शोधा.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, शेवटी आईचं. पासपोर्टवरचा क्रम वेगळा, लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आणखी गोंधळ. जीआरई (प्रवेशाची परीक्षा) आणि टोफेल (इंग्रजीची परीक्षा) यांची नोंदणी पासपोर्टप्रमाणेच करा, नाहीतर केंद्रावरून परत पाठवतात. तीन वर्षांच्या बी.कॉम.वर एम.कॉम. असल्याने पदवीच्या वर्षांची अडचण सहसा येत नाही. विद्यापीठाच्या कलिना संकुलातून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) काढायला मात्र दोन-तीन महिने हातात ठेवा. जीआरईचे गुण ५ वर्षं चालतात, टोफेलचे २. म्हणून जीआरई आधी उरकावी. गणिताच्या भागात १७० पैकी १६७-१६८ च्या खाली राहिलात तर पुन्हा द्या. अर्जाच्या मुदती डिसेंबर-जानेवारीत असतात, होकार फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, आणि बहुतेक ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत निर्णय द्यायचा असतो. एका विभागात वर्षाला जेमतेम चार-पाच जागा, त्यामुळे दहा-बारा अर्ज तरी करा.

फीमाफी आणि विद्यावेतन यांतलं एकही मिळत नसेल तर ती पीएचडीची जागा घेऊ नका. कर्ज काढून तर मुळीच नको. चांगल्या विभागात दोन्ही मिळतंच. मिळत नसेल तर विभागाला तुमच्यावर विश्वास नाही, हे समजून घ्यावं. पत्र नीट वाचा: हमी किती वर्षांची, पैसे ९ महिन्यांचे की १२ चे, आरोग्य विमा त्यात आहे का. उन्हाळ्याचे तीन महिने कोरडे गेले तर भाडं भरताना हाल होतात. करात भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका करारातल्या कलम २१(२) मुळे स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट) मिळतं, हे विद्यापीठाचा फॉर्म भरताना विसरू नका.

आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या प्रवेशाच्या कागदावरचा, विषय-संकेतांक बघा. ५२.०८०१ म्हणजे साधं फायनान्स, ते स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांत) धरत नाहीत, ४५.०६०३, म्हणजे इकॉनॉमेट्रिक्स व क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स, धरतात. पहिल्यावर ओपीटी, म्हणजे पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची परवानगी, १२ महिने, दुसऱ्यावर आणखी २४. नोकरी पहिल्या फेरीत मिळाली नाही तर ही मुदत फार कामी येते, म्हणून होकार देण्याआधीच विचारा. जोडीदाराला एफ-२ वर (विद्यार्थ्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) नोकरी करता येत नाही. एका विद्यावेतनात दोघांचं घर चालेल का, याचा हिशेब इथेच मांडा.

शिकवण्याचा अनुभव खरा उपयोगी पडतो तो तिथे वर्गात उभं राहिल्यावर. पहिल्या कोर्समध्ये अर्धे विद्यार्थी बीए टू प्लस या फायनान्सच्या कॅल्क्युलेटरवर अडतात. गुंतवलेली रक्कम उणे चिन्हाने न भरल्याने ‘एरर ५’ येतो, किंवा आधी कोणीतरी पी/वाय (वर्षाला किती हप्ते) १२ वर ठेवल्याने उत्तर चुकतं. पहिल्याच तासाला दोन्ही दाखवून द्या. अभ्यासक्रमपत्रिका तिथे कराराइतकी गंभीर असते, गुणांची टक्केवारी सत्राच्या मध्यात बदलता येत नाही. आणि आई-वडिलांनी फोन केला तरी विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय त्याचे गुण सांगायचे नाहीत. विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणाऱ्या फेर्पा कायद्याने ते बंद आहे.

पुढची नोकरी मात्र एका जॉब मार्केट पेपरवर, म्हणजे नोकरीच्या अर्जासोबत दाखवायच्या मुख्य शोधनिबंधावर, ठरते. तो चौथ्या वर्षाच्या अखेरीस तयार हवा, कारण पाचव्याच्या शरद ऋतूत अर्ज जातात. संशोधनप्रधान विभागात साधारण सहा वर्षांनी टेन्युअरचा (कायमच्या नेमणुकीचा) निर्णय होतो, आणि तो जर्नल ऑफ फायनान्स, जर्नल ऑफ फायनान्शियल इकॉनॉमिक्स, रिव्ह्यू ऑफ फायनान्शियल स्टडीज अशा मोजक्या ठिकाणी काय छापलंय त्यावर. तुम्हाला वर्गच जास्त आवडत असेल तर अध्यापनप्रधान विद्यापीठं निवडा. पगार कमी, पण वर्षाला सहा-आठ वर्ग शिकवणाऱ्याला तिथे मान आहे. विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा लागू नाही. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं; ते लागू असेपर्यंत एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरून तिथेच राहून स्थिती बदलणं सोयीचं.

निघण्याआधी बँकेत जाऊन बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं भारतातलं रुपया खातं) करून घ्या. पीपीएफ चालू असेल तर मुदत संपेपर्यंत चालतो, नवीन उघडता येत नाही.