डेल्टा-लॅम्डा हातात फिरवून बघ

अगं, डेल्टा-लॅम्डा, म्हणजे धातूच्या संयुगाची आरशातल्या प्रतिबिंबासारखी उजव्या-डाव्या पिळाची दोन रूपं, नुसतं पाठ करू नकोस. गणपती पेठेतून थर्माकोलचे सहा गोळे आण, काड्यांनी मॉडेल बनव: धातूला जोडलेल्या सहा अणूंपैकी तीनांचा त्रिकोण वर, तीनांचा खाली. तीन कीलेट (धातूला दोन टोकांनी धरणारे लिगँड, म्हणजे धातूला जोडलेले रेणू) वरून खाली जोड, वरचा त्रिकोण धर आणि खालचा योग्य दिशेने 60 अंश फिरव. मध्ये प्रिझम येतो. आणखी 60 फिरवलंस की आरशातलं रूप तयार, एकही बंध न तुटता! हा बैलर ट्विस्ट. बंध न तोडता पिळण्याची दुसरी वाट रे आणि दत्त यांनी 1943 मध्येच मांडली होती. सांगलीत काय, सगळीकडेच ती शिकवताना घाईत उरकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पण सगळीकडे पीळच असतो असं धरू नकोस. फेनँथ्रोलिन या कीलेटचं निकेल संयुग लिगँड सोडूनच रूप बदलतं, म्हणून विघटन (लिगँड सुटणं) आणि रेसमायझेशन (एकाच रूपाचं दोन्ही रूपांच्या समसमान मिश्रणात बदलणं) यांचे वेग जुळतात. लोखंडाचं मात्र विघटनापेक्षा लवकर रेसमाइझ होतं. सरांना यंत्रणा सांगण्याआधी हे दोन वेग शेजारीशेजारी लिहून ने.