बिलाच्या खिडकीचं भ्या

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. रुग्णालयात व्यवस्थापक म्हणून रुजू होऊन दीड महिना झाला नाही तोच कंटाळलीस, याचं मला नवल वाटलं नाही. डॉक्टर तुला ट्रस्टींचा माणूस समजतात, सिस्टर लोकांना वाटतं तू हजेरी तपासायला आलीस, आणि नातेवाइकांसाठी तू ‘बिलवाली मॅडम’. लिफ्ट बंद पडली की तू, लाँड्रीतून चादरी आल्या नाहीत की तू, विम्याची, म्हणजे टीपीएची, मंजुरी अडकली की पुन्हा तूच. रुग्ण बरा होऊन निघाला की पेढे मात्र सर्जनच्या केबिनमध्ये. मी एकतीस वर्षं हे काम केलं, त्यात मला दोनदा पेढे मिळाले. त्यातला एक पुडा चुकून आला होता.

‘मी डॉक्टर नाही, मग या इमारतीत माझं नेमकं काम काय?’ असं तू विचारलंस. मला याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून आधी एका बाईंबद्दल लिहिते.

पुण्यात रास्ता पेठेतलं केईएम रुग्णालय तुला माहीत आहे. परळचं नव्हे, ते मुंबई महापालिकेचं, हे ट्रस्टचं. दोन्हींना सातव्या एडवर्ड राजाचं नाव, म्हणून बाहेरगावचा माणूस हमखास घोटाळा करतो. पुण्यातलं 1912 सालचं. तिथं 1944 मध्ये डॉ. बानू कोयाजी आल्या. पारशी घरातल्या, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेल्या, वय सव्विशीच्या आसपास. त्यांचे दीर एदलजी कोयाजी पुण्यात नावाजलेले डॉक्टर होते. रुग्णालयाचा कारभार तेव्हा सरदार मुदलियारांकडे होता आणि त्यांना पूर्णवेळ डॉक्टर हवा होता. दिरांनी बानूबाईंना तिकडं धाडलं. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला आज त्याच मुदलियारांचं नाव आहे. तेव्हा ते चाळीस खाटांचं, मुख्यतः बाळंतपणाचं रुग्णालय होतं. बाई आल्या आणि पंचावन्न वर्षं राहिल्या. त्या काळात खाटा चाळिसावरून पाचशेच्या वर गेल्या. 1989 मध्ये पद्मभूषण मिळालं, 1993 मध्ये मॅगसेसे. 2004च्या जुलैत त्या गेल्या.

मी त्यांच्या हाताखाली काम केलेलं नाही. केलं असतं तर पहिल्याच वर्षी निदान थोडं शहाणपण आलं असतं. मला ते फार उशिरा आलं, आणि कसं आलं ते पुढं सांगते.

खाटा वाढवणं आपल्या धंद्यात सगळ्यांनाच कळतं. ट्रस्टींनाही आवडतं, कोनशिला बसते, दात्याचं नाव लागतं. बानूबाईंच्या बाबतीत मला जास्त महत्त्वाची वाटते ती वढूची गोष्ट. शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक, संभाजी महाराजांच्या समाधीचं गाव. पुण्यापासून फार लांब नाही, पण 1970च्या दशकात पोट दुखणाऱ्या गरोदर बाईला बैलगाडीतून निघायचं म्हटलं तर पुणे आणि दिल्ली सारखीच. सरकारी आरोग्य केंद्राच्या जोडीनं केईएमनं तिथं काम सुरू केलं. गावातलीच बाई, गावातलाच पुरुष निवडायचा, त्यांना शिकवायचं, आणि मग गरोदर कोण, लस कुणाची राहिली, ताप कुणाच्या घरात आहे हे त्यांनी दारोदार जाऊन पाहायचं. जास्त शिक्षणाची अट नव्हती. मॅगसेसेच्या मानपत्रात त्यांचं कौतुक आहे ते नेमकं याचं: शहरातल्या आधुनिक रुग्णालयाची ताकद त्यांनी खेड्यातल्या बायकांच्या कामी लावली.

हे त्या एकट्याच करत होत्या असं समजू नकोस. जामखेडला आरोळे या डॉक्टर दांपत्यानं 1970 मध्येच अशाच वाटेनं काम सुरू केलं होतं, आणि 1977 साली केंद्र सरकारनंही गावोगावच्या आरोग्यरक्षकांची योजना आणली. पण आरोळ्यांनी आपलं काम मुळातच खेड्यात उभं केलं. बानूबाईंच्या मागं शहरातलं भरलेलं, गजबजलेलं, कधीच पैसे न पुरणारं रुग्णालय होतं. त्याला वेशीबाहेर न्यायचं म्हणजे काय, हे तू व्यवस्थापक म्हणून एकदा कागदावर मांडून बघ. स्त्रीरोगतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस गावाला गेला तर त्या दिवशी लेबर रूम कोण बघणार? गाडी कुणाची, डिझेल कुठल्या खात्यात टाकायचं? गावातून चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईला कॅज्युअल्टीत पुन्हा पहिल्यापासून प्रश्न विचारायचे की चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा? औषधांचा इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, स्टोअरनं अडवला तर सही कुणाची चालेल? वढूचं काम उभं राहिलं ते या असल्या, कुणाला सांगायलाही लाज वाटावी इतक्या बारक्या प्रश्नांची उत्तरं कुणीतरी रोज दिली म्हणून. ती उत्तरं देणारी खुर्ची आज तुझी आहे.

बानूबाई स्वतः डॉक्टर होत्या आणि तू नाहीस, हा फरक मी झाकणार नाही. त्यांनी खुर्चीवरून सांगितलेलं वॉर्डात ऐकलं जायचं. तुला आधी दहा वेळा वॉर्डात जाऊन उभं राहावं लागेल. मेट्रनशी दोस्ती कर. रात्री अकराला फेरी मार, सकाळी अकराला नको. सकाळी सगळेच शिस्तीत असतात.

आणखी एक गोष्ट खटकते, तीही लिहिते. त्यांच्या पिढीच्या कुटुंबनियोजनाच्या कामाबद्दल मला पूर्ण समाधान नाही. त्या काळी सरकार आकडे ठरवून द्यायचं आणि खालची यंत्रणा माणसं मोजत सुटायची. आणीबाणीत त्याचं काय झालं ते तुझ्या आजोबांना विचार. बानूबाई या विषयाकडं आल्या त्या लेबर रूममधून, सातव्या-आठव्या बाळंतपणाला मेटाकुटीला आलेल्या बायका बघून. सगळे तसे आले नव्हते. लोकसंख्या म्हणून मोजलेली बाई आणि दारात उभी राहिलेली बाई यांत फार अंतर असतं, आणि आकड्यांच्या तक्त्यात ते दिसत नाही. तुझ्या एमआयएस रिपोर्टात, त्या आकड्यांच्या अहवालातही, दिसणार नाही.

आता माझं.

मी ज्या रुग्णालयात होते ते तालुक्याच्या गावचं, ट्रस्टचं. नाव राहू दे. एका शनिवारी दुपारी एका बाळंतिणीला डिस्चार्ज मिळाला. बिलात सवलत हवी होती, सवलतीच्या अर्जावर माझी सही हवी होती, आणि मी बारामतीला लग्नाला गेले होते. तेव्हा मोबाइल नव्हते. रोखपालानं नियमावर बोट ठेवलं: सही नाही, गेटपास नाही. बाई, चार दिवसांचं बाळ आणि नवरा सोमवारी सकाळपर्यंत वॉर्डाच्या कोपऱ्यात बसून होते. सोमवारी मी आले, अर्धं बिल माफ केलं, नवऱ्यानं हात जोडले, आणि मला वाटलं, चला, चांगलं काम झालं.

पाच-सहा वर्षांनी ओपीडीच्या रांगेत एक म्हातारी भेटली. त्या बाईची सासू. मी ओळखलं नाही, तिनं मला ओळखलं. सुनेचं दुसरं बाळंतपण घरीच केलं म्हणाली, पोर हाती लागलं नाही. मी विचारलं, अहो, आमच्याकडं का नाही आणलं? म्हणाली, ‘‘सुईचं भ्या न्हाई बाई. तुमच्या त्या बिलाच्या खिडकीचं भ्या हाय.’’

माझ्या दप्तरात या बाळंतपणाची नोंद नव्हती, कारण ते माझ्याकडं झालंच नव्हतं. त्या वर्षीचा आमचा अहवाल काढून बघितला: प्रसूती इतक्या, सिझेरियन इतकी, बालमृत्यू शून्य. शून्याखाली मी स्वतः सही केली होती.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. आलेल्यांचे आकडे सगळेच ठेवतात. आपण न आलेल्यांचे ठेवायचे. ते ठेवायचे कसे? सोपं आहे, फक्त चिवटपणा लागतो. प्रसूतीच्या रजिस्टरमध्ये पत्त्याचा रकाना असतो. महिन्याच्या शेवटी त्यातल्या गावांची यादी करायची आणि तालुक्याच्या नकाशावर टिंबं द्यायची. ज्या गावावर चार महिने टिंब पडत नाही, तिथं बायका बाळंत होत नाहीत असं थोडंच आहे? कुठं जातात, ते त्या गावच्या आशाताईला फोन करून विचारायचं. आशा योजना 2005 मध्ये आली, बानूबाई गेल्या त्याच्या पुढच्याच वर्षी. वढूत जे हातानं उभं करावं लागलं होतं, त्यातलं निम्मं आज तुला तयार मिळालंय: गावात बाई आहे, तिच्याकडं वही आहे, फोन आहे. आपल्या रुग्णालयातल्या कुणाला तिचा नंबर माहीत नसतो, एवढंच. वढूत तर 2002पासून बावीस गावांत घरटी जन्म, मृत्यू, स्थलांतर सगळं नोंदवतात. तुला एवढं जमणार नाही, आणि जमवायलाही जाऊ नकोस. टिंबं पुरेत.

आता खिडकीबद्दल. तुझं रुग्णालय धर्मादाय आहे. म्हणजे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ‘41 कक’ खाली दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या, हे तू कॉलेजात शिकली असशीलच. मुंबई उच्च न्यायालयानं 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणं एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, म्हणजे आपल्या भाषेत आयपीएफमध्ये, बाजूला काढायची असते. तातडीच्या रुग्णाकडं अनामत मागायची नाही, आधी दाखल करून घ्यायचं. हे सगळं तुमच्या भिंतीवरच्या बोर्डावरही असेल. पण उद्या एक काम कर. पदर डोक्यावर घे, नाहीतर तोंडाला मास्क लाव, आणि आपल्याच बिलिंगच्या खिडकीवर जाऊन विचार, ‘दादा, पैसं कमी हायती, काय करू?’ काय उत्तर येतं ते ऐक. ‘समाजसेवा विभागात जा’ असं आलं तर बरं. ‘आधी तहसीलदाराचा दाखला आणा’ असं आलं, तर समज की नियम बोर्डावरच राहिलाय. ‘शनिवारी साहेब नसतात’ असं आलं, तर मला फोन कर, मी स्वतः येते.

त्या म्हातारीनंतर मी एकच मोठी गोष्ट करू शकले. सवलतीच्या सहीचा अधिकार रात्रपाळीच्या सिस्टरला आणि ड्यूटीवरच्या एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजसेवा विभागातल्या माणसाला, दिला, एका ठरावीक रकमेपर्यंत. अकाउंट्सनं कटकट केली. ट्रस्टींपैकी एक जण म्हणाले, पैसे उधळले जातील. वर्षअखेरीला हिशेब केला तर आयपीएफमधले पैसे संपलेसुद्धा नव्हते. आदल्या वर्षी तर त्याहून जास्त शिल्लक पडली होती, आणि त्याबद्दल कुणी मला जाब विचारला नव्हता. पैसे उरले की आपल्याकडं शाबासकी मिळते.

नोकरी सोडू का, हा तुझा शेवटचा प्रश्न. सोड म्हणणार नाही, राहा म्हणूनही गळ घालणार नाही. पंचावन्न वर्षं एका जागी काढणं हे बानूबाईंचं होतं. आजच्या पगारात आणि आजच्या ट्रस्टींबरोबर ते कुणाकडूनही मागायला मला तोंड नाही. निदान पावसाळा काढ. रस्ते तुटले, ओढ्यांना पाणी आलं की कोणती गावं यायची थांबतात, ते तेवढ्यात कळेल.

पुढच्या रविवारी घरी ये. येताना गेल्या सहा महिन्यांच्या प्रसूतींची गाववार यादी काढून आण. नावं नकोत, ती बाहेर न्यायची नसतात. गाव आणि आकडा एवढंच. तालुक्याचा जुना नकाशा माझ्याकडं आहे, घडीवर थोडा फाटलाय, चिकटवून ठेवते. लाल पेन तेवढा आण, माझा वाळलाय.

तुझी,
मावशी