ओढ्याकाठी नीरब्राह्मी लावायचीय

प्रश्न : आमच्या शेताच्या कडेने ओढा जातो, काठावर बारा महिने चिखल असतो. तिथं नीरब्राह्मी जगेल का? रोपं कुठून आणू?
— एक वाचक, मुळशी

उत्तर : जगेल, मस्त जगेल, नीरब्राह्मी ही ओल्या चिखलात पसरणारी औषधी वनस्पती, ती जागा तिचीच आहे. रोपंच पाहिजेत असं काही नाही, बोटभर फांद्या पुरतात, फक्त प्रत्येकीला दोन-तीन पेरं हवीत कारण मुळं पेरातूनच फुटतात. भर पावसात लावू नका, लोंढ्यात सगळं वाहून जाईल, सप्टेंबर-ऑक्टोबरला पाणी ओसरायला लागलं की ओल्या चिखलात आडव्या दाबा आणि वर एखादा दगड ठेवा. ऊन हवंच. पानं छोटी, जाड, रसाळ, फूल पांढरं नाहीतर फिकट जांभळं, पाच पाकळ्यांचं, हे नीट बघूनच फांद्या घ्या, आणि दुसऱ्या एखाद्या ओढ्याकाठी ती पसरलेली असेल तिथून घेताना अख्खा गालिचा उपटू नका प्लीज, थोड्या फांद्या खूप झाल्या. एक मात्र कळकळीनं सांगते, वरून कुठून गटाराचं किंवा कारखान्याचं पाणी ओढ्यात येत असेल तर ती खायला-औषधाला अजिबात वापरू नका, ही वनस्पती कॅडमियमसारखे जड धातू शोषून घेते. मुळं धरेपर्यंत गुरांना तेवढं तिथं उतरू देऊ नका.