बेसबॉलमधले कॅचर पुढे चांगले कोच होतात असं ऐकलंय. जपानमधलं एखादं उदाहरण सांगाल का?

एकच नाव घ्यायचं तर कात्सुया नोमुरा. मी ओसाकात नोकरीला होतो तेव्हा ऑफिसातली जुनी मंडळी बेसबॉलवरून हमरीतुमरीवर यायची, पण नोमुराचा विषय निघाला की सगळ्यांचं एकमत.

कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर, हे अर्धंच खरं. कुठला चेंडू टाकायचा हे कॅचर बोटांच्या खुणेने पिचरला सुचवतो. बाकी आठ जणांची तोंडं त्याच्याकडे, आणि सगळं मैदान समोर दिसतं ते या एकट्याला.

नोमुराचा जन्म १९३५चा, क्योतो प्रांतातला. वडील युद्धात गेले, घरी गरिबी. १९५४मध्ये चाचणी देऊन नानकाई हॉक्समध्ये शिरला, तोही सरावात चेंडू झेलायला माणूस हवा म्हणून. पहिल्या मोसमात एक हिट नाही. वर्षाअखेर काढायला निघाले, तेव्हा ‘काढलंत तर नानकाईच्याच गाडीखाली जीव देईन’ म्हणाला, असं तो स्वतःच सांगायचा. (संघाची मालक रेल्वे कंपनी!)

कर्व्ह बॉल (वळत येणारा चेंडू) त्याला खेळता येईना. मग त्याने पिचर वाचायला घेतले. इनाओ नावाच्या जबरदस्त पिचरचं तर १६ मिमी फिल्मवर चित्रण करून घेतलं आणि परत परत पाहिलं. हात वर जाताना चेंडूचा पांढरा भाग किती दिसतो, यावरून चेंडू आत येणार का बाहेर जाणार ते त्याला कळायला लागलं. शेवटी ६५७ होमरन (आपल्या षटकारासारखे)! जपानमध्ये त्याच्या पुढे एकटा सादाहारू ओ. १९६५मध्ये सरासरी, होमरन आणि धावा आणून देणं, तिन्हींत लीगमध्ये पहिला.

१९७० ते ७७ तो खेळाडू आणि मॅनेजर दोन्ही होता. (मुख्य कोचला तिकडे ‘कान्तोकु’ म्हणतात.) हात थकलेल्या एनात्सु नावाच्या पिचरला त्याने गळ घालून शेवटच्या काही इनिंगचा पिचर केलं, आणि एनात्सुची कारकीर्द नव्याने उभी राहिली.

खरी कमाल १९९०नंतर, याकुल्त स्वॅलोजमध्ये. मीटिंगमध्ये वही-पेन घेऊन बसायचं, शाळेसारखं. चश्मेवाला कॅचर फुरुता चुकला की डगआउटमध्ये सगळ्यांदेखत बोलणी खायचा. नऊ वर्षांत चार लीग विजेतेपदं, त्यातल्या तीन वेळा जपान सिरीजही (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम लढत). फुरुताही पुढे त्याच संघाचा खेळाडू-मॅनेजर झाला. पण हे सूत्र सगळीकडे चाललं नाही. हानशिन टायगर्सला तीन वर्षं सांभाळलं, तिन्ही वर्षं संघ तळाला.

नानकाईचं मैदान पाडून तिथे आता नाम्बा पार्क्स मॉल आहे. होमप्लेट (जिच्यामागे कॅचर बसतो ती पाटी) होती तिथे फरशीत खूण केलीय. मी पिशव्या खाली ठेवून तिच्यामागे उकिडवा बसून पाहिलं, बायको चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. वर संघाच्या आठवणींचं दालन आहे. १९७७मध्ये नोमुराला कटू पद्धतीने काढलं गेलं होतं, त्यामुळे तिथे बरीच वर्षं त्याचा एक फोटोही नव्हता. फोटो लागले २०२१मध्ये. तो २०२०च्या फेब्रुवारीत गेला होता.