आजोबांची ‘दुचाकी’ म्हणजे कोणती गाडी?

प्रश्न असा आहे: पुण्यातल्या आजोबांच्या 1948 सालच्या पत्रात ‘दुचाकीच्या दिव्यातलं घासलेट संपलं, म्हणून लकडी पुलापासून हातात धरून आणली’ असं वाक्य सापडलं. तेव्हा त्यांच्याकडे स्कूटर होती का?

नाही, ती सायकल. खूण त्या वाक्यातच आहे. घासलेटचा दिवा सायकलला पुढे अडकवलेला असे. रात्री बिनदिव्याची सायकल चालवताना पोलिसाने पकडलं तर दंड, म्हणून दिवा विझला की लोक मुकाट्याने उतरून चालू लागत. शिवाय क्रियापद पाहा. सायकल आपण ‘हातात धरून’ आणतो. पेट्रोल संपलेली स्कूटर ‘ढकलत’ आणावी लागते. आजोबांनी अगदी नेमकं लिहिलं आहे.

बायसिकल आली तेव्हा मराठीने तिला पायगाडी म्हणून पाहिलं, दुचाकीही म्हटलं. मला पायगाडी फार आवडतो, कारण तो गाडी कशी चालते ते सांगतो. दुचाकी मात्र सरळ भाषांतर आहे. नाहीतर टांगा आणि बैलगाडी यांनाही दोनच चाकं. त्यांना कोणी दुचाकी म्हटलं नाही! पण हे भाषांतर मुळापर्यंत जुळतं. बायसिकलमधला ‘बाय’ लॅटिन ‘बि’पासून आला, आणि तो आपल्या ‘द्वि’चा सख्खा भाऊ. ‘सिकल’ ग्रीक ‘कुक्लोस’वरून आला, तो आणि संस्कृत ‘चक्र’ एकाच मूळ शब्दाची रूपं. चक्राचं प्राकृतातून चाक झालं. म्हणजे दुचाकी आणि बायसिकल हे दूर गेलेल्या दोन घरांतले एकाच वंशाचे शब्द.

बोलण्यात टिकली ती सायकलच. पेठांतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला जाणारे कामगार, कॉलेजची मुलं, कारकून, सगळे तिच्यावर टांग मारून निघत. ‘सायकल मारत’ जायचं, कारण पायडल मारायचं असतं. दुचाकी हा शब्द लिहिण्यापुरता उरला, आणि म्हणूनच तो पुढे दुसऱ्या गाडीला देता आला. 1972 मध्ये बजाजची चेतक आली, त्याच वर्षी कायनेटिकची लूना आली. स्कूटर, मोपेड, मोटारसायकल या सगळ्यांना बातमीत आणि परिवहन खात्याच्या कागदांत एकच मराठी शब्द हवा होता. ‘टू-व्हीलर’ला दुचाकी चपखल बसला. आज ‘दुचाकीस्वार जखमी’ वाचलं की कोणाच्याही डोळ्यांसमोर सायकल येत नाही. तिच्यासाठी ‘सायकलस्वार’ असं वेगळं लिहावं लागतं. रस्त्याबरोबर सायकलचा शब्दही इंजिनवाल्यांकडे गेला, याचं मला वाईट वाटतं.

सायकलवरून स्कूटरवर गेलेला आणखी एक शब्द म्हणजे डबलसीट. सायकलला सीट एकच. दुसरा माणूस कॅरिअरवर नाहीतर नळीवर. तरी आपण ‘डबलसीट गेलो’ म्हणतो, आणि हा प्रयोग क्रियाविशेषणासारखा चालतो. लांब सीटच्या गाड्या आल्या तरी तो बदलला नाही.

पत्र टाइप करून घेणार असाल, तर ‘दुचाकी’च ठेवा. पुढे कंसात ‘सायकल’ लिहिलं की नातवंडांचा घोटाळा होणार नाही.