कोर्सची फी परवडेल, बंद पगार परवडेल का?

प्रश्न : माझं वय ३८. एका खासगी कंपनीत अकाउंट्स विभागात नोकरी करतो. बरीच वर्षं हौसेने फोटो काढतोय, मुख्यतः माणसांचे. आता पोर्ट्रेट फोटोग्राफीचा वर्षभराचा पूर्णवेळ कोर्स करायचा आणि त्यासाठी राजीनामा द्यायचा विचार आहे. त्यानंतर कर्ज काढून स्वतःचा स्टुडिओ टाकेन. चार मीटर बाय तीन मीटरचा एक गाळाही बघून ठेवलाय. बायको नोकरी करते, मुलगी सातवीत आहे. बायको 'करा' म्हणते, पण तिला काळजी वाटते हे मला दिसतं. फीचा पहिला हप्ता या महिनाअखेर भरला तर सवलत आहे. भरू का?

उत्तर : या महिनाअखेर भरू नका. फोटोग्राफी करू नका असं मात्र मी म्हणत नाही, तेव्हा पुढचं शांतपणे वाचा.

तुम्ही सोबत जोडलेला हिशोब नीटनेटका आहे, अकाउंट्सवाल्या माणसाला शोभेल असा. त्यातल्या रकमा इथे न छापता मी तुमच्या घराचा एका महिन्याचा खर्च हेच माप धरतो. त्याला 'एक घरखर्च' म्हणू. म्हणजे तुमचं गुपित राहील आणि इतर वाचकांनाही आपापले आकडे घालून बघता येतील.

तुमचा पगार ०.९ घरखर्च, पत्नीचा ०.५. दोघांचे मिळून १.४, म्हणजे दर महिन्याला ०.४ शिल्लक पडते. निवृत्तीची रक्कम सोडून आजवरची बचत २० घरखर्च आहे. ही चांगली बचत आहे. कोर्सची फी ७ घरखर्च. तुम्ही लिहिलंय, 'फी भरूनही १३ उरतात, म्हणजे वर्षभराची सोय झाली.' गडबड इथेच आहे. त्या वर्षात पत्नीच्या पगारातून घर निम्मंच चालेल. उरलेला निम्मा खर्च बारा महिने बचतीतून जाईल, म्हणजे आणखी ६. कोर्स संपेल त्या दिवशी हातात ७ घरखर्च असतील. नोकरीत राहिला असता तर त्याच दिवशी २४.८ असते. या दोन आकड्यांतला फरक, १७.८ घरखर्च, ही कोर्सची खरी किंमत आहे. फी त्यातला लहान भाग. मोठा भाग बंद झालेल्या पगाराचा. महिनाअखेरच्या सवलतीने यात काय फरक पडतो ते तुम्हीच बघा.

आता स्टुडिओकडे येऊ. कॅमेरा, लाइट, डिपॉझिट, रंगकाम आणि फर्निचर मिळून तुम्ही ८ घरखर्चांचं कर्ज धरलंय, तीन वर्षांत फेडायचं. हप्ता व्याजासकट पाव घरखर्चाच्या जरा वर जाईल, ०.२६ धरा. गाळ्याचं भाडं ०.४. वीज, इंटरनेट, एडिटिंग सॉफ्टवेअरची वर्गणी, विमा, किरकोळ दुरुस्ती यांना ०.१. दार उघडलं की गिऱ्हाईक येवो न येवो, महिन्याला ०.७६ गेले. त्यात घरातली ०.५ ची खोट मिळवली की १.२६. सात भागिले १.२६ म्हणजे साडेपाच. काम आलं नाही तर साडेपाच महिन्यांत तुमची सगळी बचत संपते आणि कर्जाचे तीसहून जास्त हप्ते बाकी असतात.

'काम येणारच नाही असं थोडंच आहे?' असं तुम्ही म्हणाल. बरोबर. मग किती यायला हवं ते काढू. एका सिटिंगची, म्हणजे गिऱ्हाईकाला बसवून एकदा फोटो काढून देण्याची फी तुम्ही ०.०५ धरलीये. प्रिंट, फ्रेम, पॅकिंग, ऑनलाइन पैसे घेण्याचं शुल्क असा पाचवा हिस्सा वजा केला तर हातात ०.०४ राहतात. महिन्याला १९ सिटिंग झाली तर स्टुडिओचा खर्च निघतो. घर चालायला आणखी बारा-तेरा लागतात. म्हणजे महिन्याला ३१-३२ सिटिंगनंतरही बचतीत एक पैसा पडत नाही. आणि घसारा, म्हणजे वापराने झिजणाऱ्या सामानाची किंमत? बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, कधी ना कधी बदलावी लागते, फ्लॅशच्या ट्यूब जातात. तो खर्च तुमच्या तक्त्यात कुठेच नाही. अकाउंट्समधल्या माणसाने घसारा विसरावा, यावरून आवड किती आहे ते कळतं.

तुमच्या तक्त्यात 'रोज दोन सिटिंग, दीड-दीड तास' असं आहे. दीड तास हा फक्त शूटचा. त्याआधी फोनवर बोलणं, कपडे काय घालायचे ते सांगणं, लाइट लावणं. नंतर शे-दीडशे फ्रेममधून निवड, दहा-बारा फोटोंचं एडिटिंग, गिऱ्हाईकाला दाखवणं, 'मावशीचा डोळा मिटलाय, दुसरा बघा ना' असा फोन, मग प्रिंट आणि घरपोच देणं. एका सिटिंगला पाच तास धरा. महिन्याला २५ दिवस, रोज ९ तास म्हणजे २२५ तास. त्यात ४५ सिटिंग बसतात, तीही जाहिरात, हिशोब, साफसफाई आणि न आलेल्या गिऱ्हाईकाची वाट बघणं यांत शून्य वेळ गेला तर. एकट्या माणसाच्या हातून २० ते २५ सिटिंग नीट होतात असं धरणं शहाणपणाचं. म्हणजे या दराने तुमचा स्टुडिओ पूर्ण भरला तरी घर भागत नाही.

दर कमी करून गर्दी खेचू, हा मार्ग बऱ्याच जणांना सुचतो. पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने १८५४ मध्ये एकाच काचेवर अनेक लहान फोटो घ्यायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. फोटो एकदम स्वस्त झाले, लोकांना त्याचं वेड लागलं, त्याने अमाप पैसा मिळवला. मग तीच युक्ती सगळ्यांनी उचलली, आणि हा माणूस शेवटी कंगाल अवस्थेत गेला. आज तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. ओळखपत्राचे फोटोही आता बऱ्याच कार्यालयांत जागेवरच काढतात, तेव्हा त्या कामाला चिल्लर समजा, पाया समजू नका.

फायदा वाढतो तो सिटिंगनंतरच्या विक्रीत. भिंतीवरची मोठी प्रिंट, अल्बम, आजी-आजोबांसाठी वेगळी प्रत. समजा सरासरी सिटिंगमागे ०.०८ येऊ लागले आणि खर्च ३० टक्के धरला, तर हातात ०.०५६ उरतात. मग ३१-३२ ऐवजी साडेबावीस सिटिंगमध्ये घर आणि स्टुडिओ दोन्ही भागतात, आणि तेवढी तुम्हाला झेपतातही. अख्खा धंदा या फरकावर उभा आहे. म्हणून कोर्सच्या माहितीपत्रकात बघा, गिऱ्हाईकाला समोर बसवून फोटो निवडून घेणं, प्रिंटचा आकार सुचवणं, दर सांगताना न अडखळणं हे कोणी शिकवतंय का. तुम्ही पाठवलेल्या पत्रकात शेवटच्या महिन्यात 'व्यवसाय व्यवस्थापन' नावाचा एक ठोकळा आहे, बस्स.

आणि याच जागी तुमचा गाळा आडवा येतो. मला त्याची कोर्सपेक्षा जास्त धास्ती वाटली. फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्सने उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायचा, दोन मीटर उंचीची फ्रेम, तर माणसापासून साधारण ४.७ मीटर मागे जावं लागतं. माणूस पडद्यापासून निदान दीड मीटर पुढे हवा, नाहीतर त्याची सावली पडद्यावर पडते. तुम्हाला स्वतःलाही मागे उभं राहायला जागा लागते. हे सगळं चार मीटरमध्ये कसं बसणार? ५० मिमी लावली तरी २.८ अधिक १.५, म्हणजे तुमची पाठ भिंतीच्या पलीकडे. रुंदीचंही तेच. पाच जणांच्या कुटुंबामागे पडदा म्हणून २.७२ मीटर रुंदीचा कागदी रोल लागतो. तीन मीटरच्या खोलीत तो लावला की सॉफ्टबॉक्सचा (लाइट मऊ करणाऱ्या कापडी पेटीचा) स्टँड ठेवायला कडेला वीतभर जागा उरते. म्हणजे या गाळ्यात चेहऱ्याचे आणि कमरेपर्यंतचे फोटो होतील, कुटुंबाचे होणार नाहीत. मोठ्या प्रिंट बहुतेक कुटुंबाच्याच विकल्या जातात. भाडं स्वस्त आहे म्हणून भुललात, पण ते भाडं तुमचा सर्वात किफायतशीर माल बाहेर ठेवतं. छताची उंची तर तुम्ही मोजलेलीच नाही. डोक्याच्या वरून लाइट द्यायचा तर तीही बघावी लागते.

मग शिकायचं कुठे? चालू पोर्ट्रेट स्टुडिओत, असिस्टंट म्हणून, शनिवार-रविवार. मोबदला नाममात्र मिळेल, कदाचित फक्त चहा मिळेल. चाळिशीच्या उंबरठ्यावर कुणाचे स्टँड उचलायला लाज वाटेल, ती वाटू द्या. तिथे जे दिसतं ते वर्गात क्वचित दिसतं. साधं उदाहरण घ्या, चष्मा. काचेवर लाइटची चकाकी येते. नवखा माणूस लाइट इकडे सरकव, तिकडे सरकव करत पंधरा मिनिटं घालवतो. तोवर समोरच्या काकांचं हसू आटतं आणि ते घड्याळ बघू लागतात. मुरलेला फोटोग्राफर लाइट थोडा वर आणि बाजूला नेतो, चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचलतो, काच खाली झुकते, 'हनुवटी जरा खाली घ्या' म्हणतो. अर्ध्या मिनिटात काम झालं, आणि एवढ्यात त्याने काकांना नातवाचं नावही विचारलेलं असतं. गिऱ्हाईक पैसे देतं ते या अर्ध्या मिनिटाचे.

मी तुमच्या जागी असतो तर पुढच्या बारा महिन्यांसाठी फक्त ३ घरखर्च बाजूला काढले असते. वेगळ्या खात्यात, म्हणजे लेन्सचा मोह झाला की शिल्लक दिसते. त्यातून एखादी लहान कार्यशाळा, एक चांगला फ्लॅश, लाइट मऊ करायला एक मोठी छत्री किंवा ऑक्टाबॉक्स (आठकोनी सॉफ्टबॉक्स), रिफ्लेक्टर, रंग आणि उजेड जुळवायला ग्रे कार्ड. बॉडी आहे ती चालू द्या. बदलायचीच तर वापरलेली घ्या आणि शटर किती चाललंय, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत, ते तपासा. बॉडीची किंमत झपाट्याने उतरते, चांगल्या लेन्सची सावकाश. जागा तासाच्या भाड्याने घ्या. तासाचं भाडं महाग वाटतं खरं, पण गिऱ्हाईक नसलेल्या तासाचं ते द्यावं लागत नाही.

दरम्यान नोकरी चालू राहते, महिन्याला ०.४ साठतच राहतात. वर्षअखेर ३ खर्च करूनही हातात २१.८ असतील.

राजीनाम्याची अट मी अशी घालेन : सलग सहा महिने, दर महिन्याला आठ सिटिंग, पूर्ण दराने, अनोळखी माणसांची. मेव्हण्याच्या मुलाचा वाढदिवस यात धरायचा नाही. आठ सिटिंग म्हणजे ४० तास, सुट्टीच्या दिवसांत जेमतेम बसतील. दमछाक होईल, पण झेपतं का तेही कळेल. सिटिंगमागे सरासरी किती येतात ते लिहून ठेवा. ०.०५ वरच अडकलं तर अजून महिने गेले तरी नोकरी सोडू नका, आधी विक्री सुधारा. ०.०८ च्या आसपास गेलं तर नोकरी सोडायचं बोलू. तेव्हाही आधी दुसऱ्या कुणाबरोबर जागा वाटून घ्या आणि कर्ज फक्त लाइटपुरतं काढा.

कोर्सचा हट्ट तरीही सुटत नसेल, तर संस्थेला विचारा की दर विद्यार्थ्याला प्रत्यक्ष स्टुडिओत किती तास मिळतात, शिकवणाऱ्यांपैकी किती जण आजही गिऱ्हाईकांचं काम करतात, आणि हाच कोर्स शनिवार-रविवार आहे का. तसा असेल तर फी याहून जास्त असली तरी मी 'घ्या' म्हणेन, कारण मग पगार चालू राहतो.

काही गोष्टी पहिल्या पैसे घेतलेल्या सिटिंगपासूनच पाळा. फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. कुणाच्या बाळाचे फोटो गेले तर ते परत काढता येत नाहीत. आगाऊ रक्कम घ्या, फोटो किती दिवसांत देणार ते लेखी द्या. मुलांचे फोटो जाहिरातीत वापरायचे तर आई-वडिलांची लेखी परवानगी हवी. घराच्या विम्यात धंद्याला वापरला जाणारा कॅमेरा बसतो का ते पॉलिसीत वाचून घ्या. बहुतेकदा बसत नाही. आणि ६ घरखर्च आणीबाणीचे म्हणून वेगळ्या ठेवीत ठेवा, त्या ठेवीवर पत्नीचं नाव पहिलं असू द्या.

त्यांच्या काळजीबद्दल थोडं. 'करा' म्हणणाऱ्या माणसाला आकडे दाखवायचे राहून जातात, असं बरेचदा होतं. वरचा साडेपाच महिन्यांचा हिशोब त्यांच्यासमोर ठेवा, सहा महिने-आठ सिटिंगची अटही ठेवा, आणि ती अट त्यांना बदलायची असेल तर बदलू द्या. सुट्टीचे दिवस त्यांचेही जाणार आहेत, मुलीचा अभ्यास त्या दिवशी कोण घेणार हेही ठरवावं लागेल.

संस्थेला कळवा की या बॅचला जमणार नाही. सवलत पुढच्या बॅचलाही निघतेच. गाळेमालकाला मात्र आजच फोन करून 'नको' सांगा. टोकन दिलं असेल तर ते परत मिळतं का बघा, नाही मिळालं तरी सोडून द्या.