शून्य ते शंभर: घड्याळ कधी सुरू झालं?

गाडी शून्यावरून ताशी १०० किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गाठते, या आकड्यांवरून वाद घालण्याआधी एवढं एकच विचारा. अमेरिकेत ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे सरळ ट्रॅकवरच्या छोट्या शर्यतींच्या, रिवाजाने पहिला एक फूट, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर, बऱ्याचदा वेळेत धरतच नाहीत. चाक फिरतं, गाडी सुटते आणि मग मोजणी! टेस्ला मॉडेल एस प्लेड या इलेक्ट्रिक गाडीचा १.९९ सेकंदांचा दावा असाच होता. शिवाय तो ताशी ६० मैलांपर्यंतचा, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर, १०० नव्हे. तळटीप वाचायची सवय लावा.

नवीन माणसं हमखास चुकतात ती इथे:

- मोबाइलच्या जीपीएसवर विसंबतात. सेकंदाला दहादा नोंद घेणारं यंत्र घ्या.
- बॅटरी अर्धी किंवा गार असताना मोजतात.
- उतार विसरतात. दोन्ही दिशांनी मोजा.

टायर, लाँच मोड (झटक्यात सुटण्यासाठीची गाडीतली सेटिंग) हे सगळं नंतर. मोजणी मात्र बंद ट्रॅकवरच, हमरस्त्यावर अजिबात नको.